डोणगावचा थांबा

हापशीही नामंजूर झाली. भाऊराव अंभोऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मोबाईल पलंगावर टाकला.

"काऊन जी, काय झालं?" चांगुणाबाईंनी सुपावरची नजर न काढता विचारलं.

"फोटोत माणूस दिसते म्हणते. तूच उभी होती घागर घेऊन."

"मंग मी काय पाणी भरू नको?"

जन्मभर एस.टी.त कंडक्टरकी केलेल्या माणसाला नकार नवा नव्हता. वस्तीजवळ विनंती थांबा मिळावा म्हणून त्यांनी एकेकाळी डेपोचे उंबरे झिजवले होते आणि थांबा घेऊनच गप्प बसले होते. हा थांबा मात्र मोबाईलच्या खेळातला होता. फोन घेऊन गावात हिंडायचं, हापशी, वाचनालय, बाग असे थांबे गाठायचे आणि तिथे मिळालेली भेट खेळातल्या सोबत्याला पाठवायची. भेटीवर त्या थांब्याचा फोटो असतो. नवा थांबा कुणीही सुचवावा, मंजूर-नामंजूर करणारे दुसरे खेळाडूच. बोलायची-लिहायची सोय या खेळात नव्हती, आणि भाऊरावांना तेच बरं पडत होतं. कारण त्यांचा सोबती एकच होता आणि त्याच्याशी त्यांनी बोलणं टाकलं होतं.

समता, त्यांची एकुलती एक लेक. बापाची साखर वाढली तेव्हा तिनेच हा खेळ त्यांच्या मोबाईलमध्ये घालून दिला होता. "या बहाण्यानं तुम्ही चालसान तरी, बाबा," म्हणाली होती. पुढे तिने मलकापूरच्या फैजानशी लग्न केलं आणि भाऊरावांनी सांगून टाकलं, या घरात तिचं नाव घ्यायचं नाही. दोघांचे नंबर बंद केले. घरात मोबाईल एकच, तोही त्यांच्या खिशात, त्यामुळे चांगुणाबाईंचाही इलाज खुंटला. पाव्हण्यारावळ्यांनी त्यांच्यापुढे तो विषय काढणंच सोडून दिलं. खेळ मात्र पुसायचा राहून गेला. की पुसवला नाही, ते त्यांनाच ठाऊक.

गेल्या वैशाखात अनोळखी नंबरवरून फैजानचा फोन आला. "बाबा, एक मिनिट फक्त ऐका," एवढंच तो म्हणाला. भाऊरावांनी ते मिनिटही दिलं नाही.

"आला मोठा समेट करणारा!" असं म्हणत त्यांनी तोही नंबर बंद केला.

त्यानंतर खेळात भेटी यायला लागल्या. स्टेशनाबाहेरची पाणपोई, बागेतला झोपाळा, नदीवरचा पूल. पाठवणाऱ्याच्या जागी नाव एकच: समू. पहिले काही दिवस भाऊराव ताठ राहिले. मग एक भेट उघडली आणि मग सवयच लागली. फोटोत कुठे तिची सावली तरी सापडते का, म्हणून ते बोटांनी चित्र ताणून ताणून बघत. पण नियमच तसा, फोटोत माणूस नको. पोर नियमाला पक्की, बापावर गेली, असं मनाशी म्हणत ते चित्र पुन्हा ताणत. उलट काही पाठवावं, तर डोणगावात एकही थांबा नव्हता; इथे खेळात नुसती पावलंच मोजली जात.

"बाक सुचवा न," चांगुणाबाई म्हणाल्या. "त्याच्यावरच बसून अभ्यास करे पोरगी."

वाचनालयापुढचा सिमेंटचा बाक भाऊरावांनीच आपल्या आईच्या नावाने दिला होता. त्याच्या पाठीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: कालकथित सिंधूताई अंभोरे यांच्या स्मरणार्थ. सप्रेम भेट, भाऊराव. पेंटरने आधी सवयीने कैलासवासी लिहिलं होतं. "आपल्या बौद्धांत कालकथित लिवतात, गड्या," म्हणून भाऊरावांनी ते पुसायला लावलं. लहानगी समता तेव्हा रंगाचा डबा धरून खुदुखुदु हसत होती.

सकाळी कोवळ्या उन्हात त्यांनी बाक धुतला, चांगुणाबाईंना लांब उभं केलं आणि फोटो काढला. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

"बाक मंजूर झाला, अन् तो पाहून तिची भेट आली, तं मी मलकापूरले जातो," ते बोलून गेले.

चांगुणाबाईंच्या हातातली बादली तशीच राहिली. "खरं?"

"कंडक्टर शब्द फिरवत नाही."

"लय पाह्यले कंडक्टर," म्हणत त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

बाक मंजूर झाला. भाऊरावांनी त्याची भेट पाठवली आणि ती लगेच उघडल्याचं मोबाईलने दाखवलं. पण तिकडून उलट काहीच येईना. आठवडे गेले. चांगुणाबाईंनी लेकीसाठी बांधून ठेवलेल्या कुरडयांना दोनदा ऊन दाखवून झालं.

"रुसली असन," त्या म्हणत.

"रुसू दे. हक्क आहे तिचा," भाऊराव म्हणत. आपणच फार उशीर केला, हे आता त्यांना पुरतं कळत होतं. भेट आली नाही तरी येत्या सोमवारी निघायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलंही होतं.

रविवारी मोबाईल वाजला.

"आली!" भाऊराव पोरासारखे ओरडले. "चांगुणा, पिशवी भर!"

"उघडा तं आधी. कोणता थांबा आहे?"

थांबा नवाच होता. नवाकोरा सिमेंटचा बाक, डोणगावच्यासारखाच, निळ्या अक्षरांचा.

"बाकाले बाक पाठवला पोरीनं!" भाऊराव कितीतरी दिवसांनी मोकळं हसले. फोटोत माणूस नव्हता. त्यांनी बोटांनी चित्र मोठं केलं.

"काय लिवलं आहे जी? मोठ्यानं वाचा न," कुरडया भरता भरता चांगुणाबाई आतून म्हणाल्या.

बाकाच्या पाठीवर लिहिलं होतं: कालकथित समता भाऊराव अंभोरे यांच्या स्मरणार्थ. सप्रेम भेट, फैजान.