मिठाचा आकडा

"कुलूप कुणी घातलंय तेवढं सांगा, पावणं. कसं घातलंय ते नको," बयाबाई म्हणाल्या.

संगणक बघायला आलेल्या प्रसेनजीतने पडद्यावरची नजर काढली नाही. सकाळपासून तिथे एकच ओळ होती : डेटाबेस लॉक आहे. खाली मिश्रणघरात कांदा-लसूण मसाल्याचे मोठे यंत्र बंद होते आणि बायका हात बांधून बसल्या होत्या.

उद्यमनगरातल्या त्या कारखान्यात प्रत्येक मसाल्याची मापे संगणकातल्या एका फाइलीत असत आणि यंत्र तिथूनच आकडे घेई. फाइल बयाबाईंच्या खोलीतल्या संगणकावर, कारण तसा त्यांचा हुकूम होता. सून तेजस्वी तीच फाइल खालच्या संगणकावरून उघडत असे. दिवाळीपासून त्या फाइलीतला मिठाचा आकडा मात्र जागेवर राहत नव्हता. बयाबाई तो वर नेत. चार दिवसांत तो पुन्हा खाली आलेला असे.

मलकापूरच्या व्यापाऱ्याने पोती परत पाठवली, मग कागलच्याने. चव बिघडली, एवढा निरोप होता. काय बिघडले, हे परक्याच्या तोंडून ऐकण्याची बयाबाईंना गरज वाटली नाही. तेजस्वी एकदा सांगू लागली, तेव्हा त्यांनी हात वर करून तिला थांबवले होते. नव्या मसाल्याची पहिली चिमूट भाकरीच्या तुकड्यावर घेऊन घरातल्या थोरल्या बाईने चाखायची आणि तिने मान हलवल्याशिवाय पोत्याचे तोंड शिवायचे नाही, हा कारखान्याचा शिरस्ता होता. पुड्यांवर नाव बयाबाईंचे होते आणि जीभही त्यांचीच.

आज त्या निकाल लावणार होत्या. फाइलीत हात घालणारी तेजस्वीच ठरली, तर चाव्या काढून घ्यायच्या आणि तिने पुन्हा मिश्रणघरात पाऊल ठेवायचे नाही. मुलाला, अमरसिंहाला, त्यांनी तसे सांगूनही टाकले होते.

तेजस्वी ट्रेमधून चहा घेऊन आली. दोन कप टेबलावर ठेवून ती खिडकीशी उभी राहिली. बयाबाईंनी बशीत चहा ओतला आणि सावकाश संपवला. घोट गरम होता, त्याने बरे वाटले. नाहीतर सुनेच्या हातचे हल्ली सगळेच मिळमिळीत झाले होते. घरच्या आमटीतसुद्धा तिचा हात आखडलेलाच असे.

प्रसेनजीतने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. तो तेजस्वीकडे बघत राहिला. ती बाहेर बघत होती.

"साखर सोडलीय काय, पावणं? आजकालची पोरं साखरंला लई भित्यात."

"तसंच समजा, काकी," तो म्हणाला आणि पुन्हा पडद्याकडे वळला.

मग त्याने समजावून सांगितले. हा डेटाबेस हलका, घरगुती. त्याला वेगळा पहारेकरी नाही, नाव विचारणारे दार नाही. जो फाइल उघडेल तो मालक. लिहायचे मात्र एका वेळी एकानेच, दुसऱ्याने थांबायचे. खालच्या संगणकावरून सकाळी एक बदल सुरू झाला आणि तो पुरा केलाच नाही. तो तसाच अर्धवट उघडा आहे, म्हणून इथून कुणालाच काही लिहिता येत नाही आणि यंत्रालाही आकडे मिळत नाहीत.

"मुद्दाम?"

"चुकून इतका वेळ राहत न्हाय."

बयाबाईंनी खिडकीकडे पाहिले. तेजस्वीने नाकारले नाही. ती एवढेच म्हणाली, की आजचा माल वारणानगरच्या जत्रेसाठी जायचा आहे, तो तरी नीट जावा.

"नीट?" बयाबाईंचा आवाज चढला नाही, पण तो थंड झाला. "पावणं, मागल्या खेपेला तुम्ही ती नोंद ठेवायची सोय केल्याली. कुणी काय बदललं, त्याची. वाचा."

प्रसेनजीतने वाचले. प्रत्येक वेळी तेच. वरच्या संगणकावरून मीठ वाढवलेले, खालच्या संगणकावरून कमी केलेले. कमी करताना आकडा दर वेळी एकच : दिवाळीआधी होता तोच. वाढवताना मात्र दर वेळी मागच्यापेक्षा जास्त.

"वाढवलं की. चव उतरल्याली, मी दुरुस्त केली," बयाबाई म्हणाल्या. "चोरी खालची हाय."

"काकी, कुणी बदललं ते फाइल सांगती. बरोबर कुणाचं, ते तिला कळत न्हाय."

"ते माझ्या जिभंला कळतंय."

प्रसेनजीतची नजर आपल्या कपावर होती.

"चाव्या," बयाबाईंनी हात पुढे केला. "आणि ते अर्धवट काय हाय ते सोड. आकडा मी घालती."

तेजस्वी टेबलाजवळ आली. कमरेचा जुडगा काढून तिने सासूच्या हातात नव्हे, टेबलावर ठेवला. तिचे डोळे भरले होते.

"सोडते, आत्ती. तुम्ही म्हणाल तो आकडा घालते. पण आजवर ऐकून घेतलं नाहीत, म्हणून हे करावं लागलं. माझ्यावर राग धरा, पण दवाखान्यात तेवढं चला."

"दवाखान्यात? मला काय धाड भरलीय?"

तेजस्वीने कपबश्या ट्रेमध्ये गोळा केल्या. त्यात बयाबाईंची कोरडी बशी, रिकामा कप आणि पाहुण्याचा भरलेला कप होता. ती प्रसेनजीतकडे वळली.

"तुमचा चहा दुसरा करून आणते, दादा. दोन्ही कपांत मी साखरेऐवजी मीठ घातलं होतं."