हाळी

"फुकटवाल्यांना मागच्या मशीनवर टाक," मोहिनी मॅडम फोनवर म्हणाल्या. "एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे, कपिल."

कपिलनं खिडकीतून बाहेर पाहिलं. डिंगोरे गावाच्या शिवारात दिवस कलला होता. त्याची कंपनी आणि वरिष्ठ मॅडम पुण्यात, तो गावातल्या घरून काम करायचा. लोकांच्या वेबसाइट ज्या मशीनांवर चालतात, त्यांवर कोणाला किती जागा द्यायची हे त्याचं काम. धंदा वडापच्या जीपसारखाच. एका मशीनवर पुष्कळजण दाटीवाटीनं बसतात आणि ज्याचा खिसा गरम तो अख्खी जीप स्पेशल करतो. आज साड्यांच्या एका बड्या दुकानानं सेलसाठी मशीन स्पेशल केलं होतं. त्यावरच्या बाकीच्यांना उतरवायचं होतं.

उतरणाऱ्यांत बिबट्याचा इशाराही होता. तो कपिलनंच गावासाठी बनवलेला. बिबट्या दिसला की फोनवरचं बटण दाबायचं, आजूबाजूच्या वस्त्यांवर सगळ्यांचे फोन वाजतात. त्याआधी हाळी होती. वरच्या वस्तीवरून जानकू तोंडाशी हात धरून ओरडायचा, खालच्यांनी ती हाळी झेलून पुढे द्यायची, ती पार ओढा ओलांडून जायची. एकदा मीटिंग चालू असताना जानकूची हाळी कपिलच्या माइकमधून थेट पुण्यात पोहोचली आणि सगळी कंपनी खो खो हसली. कपिलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यानं हा इशारा तयार केला आणि दारोदार फिरून सांगितलं, "आता वरडायचं न्हाई. बटन दाबायचं."

शेजारच्या साळूआजीनं तेव्हा विचारलं होतं, "माज्या टिकलीला कळंल का रं येळंवर?" टिकली म्हणजे तिची शेळी. एकटीच्या घरात आजीला बोलायला तेवढीच.

"तुला कळंल ना, आजी. तू तिला आत घ्यायची."

मागचं मशीन म्हणजे खटारा, त्यात आधीच भरलेला. तिथे गेलेला इशारा अडकू शकतो, हे कपिलइतकं कोणाला माहीत होतं? तो बोलायला गेलाही, "मॅडम, त्यात एक आमच्या गावचं..." पण ती जागा मॅडमनीच फुकट दिलेली. आयत्या बिळावर नागोबा होऊन वर आणखी काय मागायचं? आणि पुन्हा हसल्या तर? एक संध्याकाळ तर आहे.

"आमच्या गावचं काय?"

"काही नाही मॅडम. टाकतो."

त्यानं सगळ्यांना हलवलं. साड्या धडाधड खपू लागल्या. मॅडमनी वर केलेला अंगठा पाठवला, आणि खोटं कशाला सांगा, कपिलला बरं वाटलं.

दिवेलागणीला शेजारून गलका आला तसा तो पळतच गेला.

साळूआजीच्या अंगणात खुंट्याला टिकलीचं तुटकं दावं उरलं होतं. धुळीतून ओढत नेल्याचा पट्टा उसात शिरला होता. वरच्या वस्तीवरून धावत आलेला जानकू गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता.

"मी बटन दाबलं व्हतं, कपिल," तो म्हणाला. "बांधावरून हिकडंच येताना दिसला. हाळी द्यायला तोंडाशी हात बी न्हेला. मग म्हनलं, आता वरडायचं न्हाई. वाटलं, गेला आसंल मेसेज. पन आजी दिवा घिऊन भाईर बी येईना, तवा पळत सुटलो."

साळूआजी उंबऱ्यावर बसली होती. तिच्या हातांना भाकरीचं पीठ तसंच होतं.

"मी हितंच व्हते रं, चुलीपाशी," ती म्हणाली. "चार पावलं तर व्हती. मोबाईल बी म्होरंच ठिवला व्हता." मग कपिलचा उतरलेला चेहरा बघून तिनंच समजूत काढली. "जाऊ दे. मशीनच हाय, बिगडलं आसंल. तू काय करशील त्याला?"

मशीन बिघडलं नव्हतं. कपिलला ते सांगायचं होतं. मीच इशाऱ्याला मागच्या मशीनवर बसवलं, आजी, एवढंच वाक्य. त्याऐवजी त्यानं दाव्याचं तुटकं टोक हातात घेऊन पाहिलं. आजीनं शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

तेवढ्यात आजीनं उंबऱ्यावर आणून ठेवलेला फोन वाजला. मग जानकूचा, मग कपिलच्या खिशातला. ओढ्यापलीकडच्या वस्त्यांवरही फोन वाजत गेलेले ऐकू आले.

साळूआजीनं फोन पुढे केला. "काय म्हनतंय, वाच."

कपिलला वाचावंच लागलं. शब्द त्याचेच होते. "बिबट्या दिसला. जनावरं आत घ्या."

आजी गुडघ्यावर हात देऊन उठली, खुंट्यापाशी गेली, पिठाच्या बोटांनी दाव्याची गाठ सोडली आणि ते तुटकं दावं आत घेऊन गेली.