डबा

वांग्याचं पान उजेडाला धरलं, तर त्याच्या जाळीतून पलीकडची विहीर दिसली. सुवर्णानं दुसरं पान उलटलं, तेही तसंच.

महिन्यापूर्वीपर्यंत तिची सासू रोज सकाळी पानं उलटून तांबूस, ठिपकेवाले किडे वेचायची आणि रॉकेलच्या डब्यात टाकायची. सुवर्णा तेव्हा नुकतीच शेतीशाळेला जाऊन आली होती. तिथल्या फळ्यावर असाच ठिपक्यांचा किडा काढला होता, पिकावरची मावा कीड खाणारा, शेतकऱ्याचा मित्र. "आत्या, मित्रांनाच मारताय की तुम्ही," ती बचत गटातल्या सगळ्या बायकांसमोर बोलली. बायका हसल्या. सासूनं डबा बांधावर ठेवला, तो पुन्हा उचलला नाही.

आज पाहणीला आलेल्या कृषी सहायक बाईंनी किडा बोटावर घेतला. "मित्राची पाठ चकचकीत असते. ह्याच्या पाठीवर बघा, बारीक लव आहे. हा पानंच खातो. वेळीच वेचायला हवा होता."

घरी आल्यावर सुवर्णा पदरानं तोंड पुसत सासूजवळ टेकली. सासू ताटात तांदूळ निवडत होती.

"आत्या, तुम्हाला ठाऊक होतं ना? मग तेव्हाच का नाही बोललात?"

सासूनं ताट जवळ ओढलं.

"चुकलं माझं. उद्या सकाळी याल का माझ्यासंगं वेचायला?"

"मला कुठं दिसतंय आता, बाई," सासू शांतपणे म्हणाली, आणि तांदळातला मोहरीएवढा खडा अचूक उचलून तिनं बाजूला टाकला.