गृहपाठाचा तिसरा दिवस

मन थाऱ्यावर राहावं म्हणून डॉक्टरांनी गृहपाठ दिला होता: घरातली न पाहिलेली एक गोष्ट रोज नीट पाहायची.

तिसऱ्या दिवशी मी बाबांच्या हातातला पेपर पाहिला. तारीख दोन महिन्यांपूर्वीची होती.

मी हळूच स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं.

"रोज तोच देते," ती भाकरी थापत म्हणाली. "रोज नव्याने चिडतात. दिवाळीला भिंती हिरव्या केल्या, तुम्हा दोघांना पत्ता नाही. म्हटलं, बघू तरी, कुणाला काही दिसतं का. बरं झालं, तुला दिसलं. उद्यापासून माझ्या जागी शेजारच्या कुमुदताईंना बसवून माहेरी निघाले होते मी."

मी हसलो. मग तिच्याकडे नीट पाहिलं. हनुवटीवर तीळ होता.

तो आधीपासून होता का, हे बाबांना विचारून उपयोग नव्हता.