लंडनचं स्थळ

पासपोर्ट हातात आला तेव्हा कमळाकरांनी आधी चष्मा पुसला.

बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या मुलाच्या घरी सगळे जमले होते. लग्नाचा मुलगा अक्षय, त्याची आत्या राजाबाई, स्थळ आणणाऱ्या विठामावशी आणि कमळाकरांची एकुलती एक मुलगी उमा. अक्षयचा जन्म मोंबासाचा. आजोबा तिथल्या रेल्वेत होते. आईवडील गेल्यावर आत्यानं त्याला बदलापूरला आणून वाढवलं.

"पोरगा ब्रिटिश आहे," विठामावशी कमळाकरांच्या अंबरनाथच्या घरी येऊन सांगून गेल्या होत्या. "उमा लंडनला जाईल बघा."

कमळाकरांना आणखी काय हवं होतं? पोरीला परदेशात देणार, हे ते ती कॉलेजात असल्यापासून सगळ्या बिल्डिंगला सांगत आले होते. आसपासची तीन चांगली स्थळं त्यांनी त्यापायी परत पाठवली होती. उमा उल्हासनगरला एका ऑफिसात टायपिंग करायची आणि यावर कधी काही बोलायची नाही.

पण चुलतभाऊ जनूची मुलगी अशाच एका 'ब्रिटिश' नवऱ्यापायी फसली होती. म्हणून कमळाकरांनी दोन रविवार एका निवृत्त वकिलांकडे जाऊन सगळं समजून घेतलं होतं.

"ब्रिटिश म्हणवणारे सहा प्रकारचे असतात," वकील म्हणाले होते. "'ब्रिटिश सिटिझन' असेल तर लंडन त्याचं घर. 'ब्रिटिश सब्जेक्ट' हा जुना शब्द, आता थोडेच उरलेत. आणि 'ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन' असेल, तर पासपोर्ट ब्रिटिशच, पण तिथं राहायचा हक्क नाही. कव्हरावर जाऊ नका. आतलं पान वाचा."

कमळाकरांनी आतलं पान वाचलं. ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन.

त्यांनी वर पाहिलं. अक्षयनं उठून टेबलफॅन त्यांच्याकडे वळवला होता. उमा खाली मान घालून बसली होती. बायको गेल्यापासून घरात ही एकटीच बोलणारी. ती लंडनला गेली की संध्याकाळी कुलूप उघडून आपण कोणाशी बोलणार, हा विचार त्यांनी आजवर कधी पुढे येऊ दिला नव्हता. आज तो आला. अंबरनाथहून बदलापूर म्हणजे फक्त एक स्टेशन.

त्यांनी पासपोर्ट मिटला.

"सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. त्याच बैठकीत सुपारी फुटली.

पुढचे पंधरा दिवस त्यांना घास गोड लागेना. आपल्या एकटेपणापायी पोरीला फसवलं, हे काही मनातून जाईना. साखरपुड्याच्या सकाळी त्यांनी उमाला स्वयंपाकघरात बोलावलं.

"उमा, लंडन विसर. त्याला तिथं राहायचा हक्कच नाही. मला त्याच दिवशी कळलं होतं. तू जवळ राहावीस म्हणून गप्प बसलो. अजून वेळ आहे. नाही म्हणालीस तर मी सगळ्यांची माफी मागेन."

उमानं हसू दाबलं. मग तिनं त्यांचा हात धरला.

"बाबा, दरवर्षी इथं राहायच्या परवानगीसाठी त्याचा अर्ज मीच टाईप करते. तीन वर्षं झाली आमच्या ओळखीला. विठामावशींना लंडनचं सांगायला मीच लावलं होतं. नाहीतर बदलापूरच्या मुलाला तुम्ही हो म्हणाला असता का?"