डावीकडे झुकलेली मिशी

"अरे, हसू नकोस! गोंद वाळू दे," मेकअपवाला वैतागून म्हणाला.

खुर्चीतला नट मात्र खुदुखुदु हसतच होता. मिशी लावताना त्याला गुदगुल्या व्हायच्या. काढताना तर विचारूच नका, लहान पोरासारखा खिदळायचा.

"डावी बाजू जरा खाली घे," तो आरशात बघत म्हणाला. "साहेबांची तशीच आहे."

"आता तू मला शिकव!"

मेकअपवाल्याला ती मिशी तोंडपाठ होती. नोटेवर तीच, चौकात तीच, शाळेच्या भिंतीवरही तीच. भाडोत्री सैनिक आणून साहेबांनी जुन्या हुकूमशहाला खाली खेचलं होतं, त्या पराक्रमाचा हा सिनेमा. पुढे साहेब त्याच्याही वरताण निघाले, ते अर्थात सिनेमात नव्हतं. शूटिंग साहेबांच्याच महालात चाललं होतं, आणि स्वतः साहेब रोज गणवेश चढवून वरच्या सज्जातून ते बघायचे.

याच मिशीपायी मेकअपवाल्याचा दादा गेला. दादाचं केशकर्तनालय होतं. एकदा गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावता लावता तो भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाला, "एकदा माझ्या खुर्चीत बसा म्हणावं, सरळ करून देतो!" सगळं दुकान हसलं. पण भिंतीला कान असतात. संध्याकाळी दोन माणसं आली आणि दादाला घेऊन गेली.

मेकअपवाल्याने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. कुणी म्हणे, महालाखालच्या कोठडीत आहे. कुणी म्हणे, आता कसला असतोय! वहिनी अजून रोज त्याचं ताट वाढून बसायची. ते बघवत नव्हतं, म्हणून तर त्याने हे काम धरलं. एकदा साहेबांना गाठायचं, पाय धरायचे आणि एवढंच विचारायचं. पण साहेबांच्या आसपास चिटपाखरूही फिरकू शकत नव्हतं. पेटीत दादाचा वस्तरा घेऊन तो रोज यायचा आणि तसाच परत जायचा.

आज शेवटचा प्रसंग होता. भाडोत्री सैनिक महालात घुसतात, म्हातारा हुकूमशहा पकडला जातो. त्यासाठी ठेकेदाराने एक्स्ट्रांची नवी टोळी आणली होती. तोंडाला चिखल फासायला मेकअपवाला वाडगा घेऊन गेला, तर सगळे आधीच मळलेले.

"कुठे लोळून आलात रे?"

एकजण नुसता हसला. जेवणाचे डबे आले, त्यांनाही कुणी हात लावला नाही.

"फुकटच्या डब्यावर तुटून न पडणारे एक्स्ट्रा! आक्रीतच म्हणायचं," त्याने नटाला सांगितलं.

"नवीन आहेत, लाजत असतील बिचारे," म्हणत नट टोपी घालून निघून गेला.

धुराचं यंत्र सुरू झालं. पांढरा धूर अंगण भरून मेकअपच्या खोलीत शिरला. आरशाभोवतीचे दिवे त्यात तरंगू लागले. मेकअपवाल्याचे डोळे जड झाले. धुरात दादाचं दुकान दिसत होतं. दादा चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजत होता. "ये, बस," तो म्हणाला. त्याच्या मागे कुठेतरी, कानात कापूस घातल्यासारखे, गोळ्यांचे आवाज येत होते. किती वेळ ते येतच राहिले.

"धरला! धरला!" बाहेर गलका झाला.

चला, सापडला एकदाचा म्हातारा, असं मनाशी म्हणत तो डोळे चोळत उठला.

तेवढ्यात दार उघडलं. धुरातून नट आत आला, कडी लावली आणि खुर्चीत कोसळला. गणवेश धुळीने माखला होता.

"काढ मिशी. लवकर."

"झालं का पॅकअप? घसा पार बसलाय की तुझा ओरडून."

त्याचे डोळे गच्च मिटलेले. मेकअपवाल्याने कापूस स्पिरिटमध्ये भिजवला, मिशीच्या कडेने फिरवला आणि खिदळण्याची वाट बघत थांबला.

"काय रे, आज गुदगुल्या नाहीत?"

"बोलू नकोस. काढ."

त्याने नेहमीसारखं डाव्या टोकाला चिमट्यात धरलं आणि हलकेच ओढलं. टोकाबरोबर ओठही वर आला.

चिमटा त्याने खाली ठेवला. आरशात बघितलं. डावी बाजू जिथे हवी तिथे, अगदी बरोबर झुकलेली होती. म्हणजे बाहेर त्या मळलेल्या टोळीने धरला, तो नट.

मग त्याने सावकाश साबणाचा फेस केला. पेटीतून दादाचा वस्तरा काढून उघडला. दादाने शिकवलं होतं तसं, एका बोटाने हनुवटी वर केली.

"हलू नका, साहेब," तो म्हणाला. "माझा दादा कुठे आहे?"