अजून ती नाही

"अजून ती नाही," सासरे म्हणाले आणि त्यांनी अर्धा ग्लास तसाच टेबलावर ठेवला.

सून ॲप्रनला हात पुसत समोर उभी होती. "काय कमी पडलं, बाबा?"

"कमी असं नाही गं. तांबूस रंग आलाय. पावाच्या भाजक्या कडेचा वास येतो, तोही आलाय. पण मागून येणारा कडवटपणा बघ, आला नाही तोच पळाला. पोराची बिअर घोट गिळल्यावरही रेंगाळायची. जायला निघालेला पाहुणा दारात गप्पा मारत उभा राहतो ना, तशी."

"म्हणजे पुन्हा?"

"पुन्हा. पण घाई करू नकोस. आल्टबिअर आहे, जर्मनमध्ये 'आल्ट' म्हणजे जुनं, नावातच म्हातारपण आहे तिच्या. म्हाताऱ्यांना पळवून चालत नाही."

ती हसली. हसायचं नव्हतं, तरी हसली.

ब्रुअरी लहानशीच. खाली तांब्याची कढई आणि टाक्या, मागे थंड खोली, वर घर. सासऱ्यांनी मुलाला शिकवलं आणि मुलाने बापाच्या पुढे मजल मारली. आधी उबेत आंबवायची, मग थंडीत मुरू द्यायची, एवढं सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण उबेतून थंडीत कधी न्यायची, ते तो घोट घेऊन ठरवायचा. मग एका सकाळी तो छातीत दुखतंय म्हणून पायरीवर टेकला आणि उठलाच नाही. ते ठरवणं त्याच्याबरोबर गेलं.

दिवसकार्य झाल्यावर सुनेची धाकटी बहीण म्हणाली होती, "ताई, माझ्याकडे ये. खोली आहे, तिथे काम मिळेल. इथे कोण आहे तुझं?"

"त्यांची चव सापडली की येते," सून म्हणाली होती. सासऱ्यांनाही तिने तेच सांगितलं. चव हाती आली की सगळं कढईवर काम करणाऱ्या मिस्त्रींवर सोपवायचं आणि निघायचं. बाबांना अर्धवट सोडून जायचं नाही.

"रास्त आहे," सासरे म्हणाले होते.

तेव्हापासून हे चाललं होतं. नवी बिअर मुरली की दुपारी ती एक ग्लास भरून वर न्यायची. सासरे तो खिडकीच्या उजेडात धरायचे, वास घ्यायचे, डोळे मिटायचे. त्या मिटल्या डोळ्यांसमोर कोण उभं असेल ते तिला कळायचं, कारण तिच्याही समोर तोच असायचा. बाही वर सरकवलेला, ओठावर फेस, "कशी झालीय?" असं विचारून उत्तर ऐकायच्या आधीच खूश झालेला. तेवढ्यापुरता तो खोलीत यायचा. मग सासरे डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "अजून ती नाही."

मिस्त्री एकदा वैतागले. "वहिनी, रागावू नका, पण म्हाताऱ्याची जीभ गेली. गिऱ्हाईक तर ग्लास चाटूनपुसून ठेवतं."

"तसं बोलू नका," ती म्हणाली. पण शब्द मनात रुतून बसला.

थंड खोलीच्या कोपऱ्यात नवऱ्याने शेवटचं भरलेलं एक छोटं पिंप होतं. वर खडूने त्याने स्वतः केलेली खूण. आजवर तिने त्याला हात लावला नव्हता. उघडलं की संपणार, म्हणून. त्या दुपारी मात्र तिने ते उघडलं आणि भिंतीला टेकून पहिला घोट घेतला.

डोळ्यांतून पाणी आलं. ते ओसरल्यावर तिने दुसरा घोट घेतला, मग आपल्या नव्या बिअरचा एक घेतला, मग पुन्हा त्याच्या. तिला फरक सापडेना. तोच भाजका वास, तोच रेंगाळणारा कडवटपणा. आता एक तर तिची जीभ गेली होती, नाहीतर बाबांची.

तिने नवऱ्याच्या पिंपातला ग्लास भरला आणि वर नेला. "नवी आहे, बाबा."

सासऱ्यांनी तो उजेडात धरला, वास घेतला. डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. आज उकाडा होता म्हणून असेल, त्यांनी ग्लास तळापर्यंत रिकामा केला.

"काय म्हणता?"

"अजून..." त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला. "अजून ती नाही."

म्हणजे मिस्त्री खरं बोलत होते. पोटच्या पोराची बिअर ओठाला लागली आणि बापाला ओळखू आली नाही! आता कितीही पिंपं भरली तरी हा माणूस 'हीच ती' म्हणणार नव्हता. तिला सांगून टाकावंसं वाटलं, पण त्यांच्या रिकाम्या ग्लासकडे बघून तिने ते गिळलं.

"कडवटपणासाठी घातलेले हॉप्स जरा चुकले असतील," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. "बाबा, माझ्याच्याने आता नाही व्हायचं. मिस्त्री बघतील इथलं. तुमच्या जेवणाखाण्याचंही मी त्यांच्या बायकोशी बोलून ठेवते. मी बहिणीकडे जाईन म्हणते."

सासऱ्यांनी हात लांबवून खिडकी उघडली. समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते.

"ठरलंय तुझं?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी रिकामा ग्लास उचलून तिच्यापुढे धरला. "मग जायच्या आधी अजून थोडी ओत, पोरी. त्याच्या हातची आता पुन्हा मिळायची नाही."